पाखऱ्याला तीनदा विचारलं

मला बोर्डिंगात बैलाबरोबर आणून सोडलं. बैलाला माझ्याबरोबर नव्हे. ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतं, पण एक नाही, आणि हा फरक मला स्वतःला कळायला दोन वर्षं लागली, म्हणून तो आधीच सांगून टाकते. माझे वडील, म्हणजे दादा, बोरी बुद्रुकचे. आमच्याकडं माणसाची पत त्याच्या गोठ्यावरून ठरते आणि दादांच्या गोठ्यात पाखऱ्या होता. पांढराफेक, शिंगं मागं झुकलेली, आणि बैलगाड्याच्या शर्यतीत पुढच्या जोडीला जुंपला की असा सुटायचा की बघणाऱ्याच्या तोंडातली सुपारी तोंडातच राहायची. आई गेली, मग चुलत्यांबरोबर वाटण्या झाल्या. विहिरीचं पाणी वाटलं, बांध वाटले, आईची तांब्याची कळशीसुद्धा एकाच्या वाट्याला गेली. पाखऱ्याचा तेवढा वाटा पडेना. दादा मुंबईला भाजीबाजारात ओझी उचलायला निघाले होते. मागं बैल ठेवायचा कुणाकडं? जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत असा शेतकरी शोधून सापडणार नाही, की ज्याच्या गोठ्यात शर्यतीचा बैल आला आणि त्यानं तो जुंपला नाही. भावाकडं ठेवावा तर भाऊ पळवणार, मेव्हण्याकडं ठेवावा तर मेव्हणा पळवून वर पाय मोडून देणार. दादांनी आठ दिवस डोकं खाजवलं आणि त्यांना एकच दार सुचलं जिथं बैलाला कुणी शर्यतीत नेणार नाही. शिनोलीच्या पुढं, भीमाशंकरच्या रस्त्याला, मार्थाबाईंचं बोर्डिंग.

मार्थाबाई नगरकडच्या. ख्रिस्ती, बिनलग्नाच्या, मिशनच्या कामाला म्हणून तरुणपणी इकडं आलेल्या आणि इथंच मुरलेल्या. पांढरं पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि चालणं असं की मागून लेकरांना पळावं लागे. पत्र्याच्या दोन लांब खोल्या, एक स्वयंपाकघर, कोंबड्यांचं खुराडं आणि आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा, एवढंच ते बोर्डिंग. रुळावर लोखंड वाजलं की उठायचं, वाजलं की शाळेत जायचं, वाजलं की जेवायचं. आईबाप गेलेली, आईबाप असून नसलेली, डोंगरातल्या वाड्यांवरून कुणीतरी आणून दिलेली अशी तीस लेकरं तिथं होती. आत घ्यायची बाईंची एक पद्धत होती. दारातच टेबल मांडायचं, अर्ज भरायचा, मोठ्या वहीत नंबर घालायचा, आणि तोवर लेकराला आत पाऊल टाकू द्यायचं नाही. त्या म्हणायच्या, हरवलेलं लेकरू आधी कुठंतरी लिहून ठेवावं, म्हणजे परत हरवत नाही.

दादांनी त्या टेबलासमोर बैल उभा केला.

"बाई, बैल ठिवायचाय," ते म्हणाले.

"हे लेकरांचं घर आहे."

"लेकरूबी आणलंय की," म्हणत दादांनी मला पाठीमागून पुढं ओढलं. "हिनं हातानं चारल्याबिगर तो खात न्हाई."

बाईंनी माझ्याकडं बघितलं, बैलाकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं. मी तेव्हा नऊ वर्षांची, नाकात शेंबूड, हातात दावं. आज मी त्या खुर्चीत बसते, त्यामुळं त्यांच्या मनात काय आलं असेल ते कळतं. बैलाला नाही म्हटलं तर हा माणूस पोरीलाही परत घेऊन जाणार, आणि पुढं तिला कुठं सोडील याचा नेम नाही. तेव्हा मला वाटलं, बाईंना बैल आवडला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि अर्ज भरायला घेतला. नाव, पाखऱ्या. वय, आठ. आईवडील, माहीत नाही. आजार, नाही. स्वभाव? दादा म्हणाले, "लई गरीब. फकस्त मागं हुबं ऱ्हायचं न्हाई." बाईंनी ते तसंच्या तसं लिहिलं. मोठ्या वहीत पाखऱ्याला नंबर पडला एक्केचाळीस. मग माझा अर्ज झाला आणि मला नंबर पडला एक्केचाळीस-अ. जाताना दादांनी पाखऱ्याच्या मानेवर हात फिरवला, त्याच्या कपाळाला कपाळ लावलं आणि म्हणाले, "यात्रेला न्यायला येतोच." मग माझ्या डोक्यावर टपली मारून एसटी धरायला धावले. ते 'येतोच' मी नीट ऐकून ठेवलं होतं.

दादांनी बैलाच्या खुराकाची यादी सांगून ठेवली होती. रोज चार अंडी, शेरभर दूध, उडदाची भरड, पेंड. आमची स्वयंपाकीण हिराबाई, डोंगरातली बाई, नाचणीच्या भाकरी थापता थापता ती यादी ऐकत होती. तिनं परातीत भाकरी आपटली. "आन् लेकरांनी काय त्याचं शेण खायाचं?" ती म्हणाली. बोर्डिंगात सकाळी नाचणीची आंबील, दुपारी भात आणि हुलग्याचं कढण, संध्याकाळी भाकरी आणि असेल ते, आणि अंडं फक्त रविवारी प्रार्थना झाल्यावर, माणशी अर्धं. बाईंनी तिथल्या तिथं निवाडा केला. पाखऱ्या बोर्डिंगात आहे, तर बोर्डिंगाचे नियम त्याला लागू. त्यालाही रविवारीच अंडं, आणि अर्धंच. हिराबाई दर रविवारी उकडलेल्या अंड्याचं अर्धुक बशीत घालून गोठ्याकडं न्यायची, आणि तो हत्तीएवढा बैल ते जिभेच्या टोकानं उचलायचा. उरलेलं अर्धुक माझं. मी एक्केचाळीस-अ होते ना.

दुसरा नियम गाण्याचा. ज्याला तोंड आहे त्यानं गाणं झाल्यावरच खायचं, असा बाईंचा दंडक. गाणं त्यांनीच रचलेलं होतं आणि चाल त्यांनी डोंगरातल्या बायकांच्या भात लावणीच्या गाण्यावरून उचललेली. 'मेंढपाळा ये रे दारी, लेकरं झाली गोळा,' असं ते सुरू व्हायचं आणि चार कडव्यांनंतर सगळ्यांनी मिळून लांबलचक आमेन म्हणायचं. आमेन झालं की ताटं वाजायची आणि मी खुराकाची पाटी घेऊन गोठ्याकडं पळायची. पहिला महिनाभर पाखऱ्या गाण्याकडं लक्ष देईना. मग हळूहळू गाणं सुरू झालं की उठून उभा राहायला लागला. पुढं पुढं तर डोळे मिटून कान पाडून ऐकायचा आणि आमेन झालं रे झालं की दावं ताणून माझ्या दिशेनं झेपायचा. आणि मग उलटंही झालं. गाणं नाही तर तो खाईना, उठेना, जागचा हलेना. एकदा बाईंचा घसा बसला होता आणि लेकरांनी बेसूर, अर्धंच गाणं उरकलं. पाखऱ्यानं मान फिरवली. चारही कडवी परत म्हणावी लागली. आम्ही जेवायला बसलो तेव्हा आंबील दगडासारखी झाली होती.

व्हायचं तेच झालं. शिनोलीच्या बाजारात बातमी फुटली की मार्थाबाईंनी बैल बाटवला. कुणी म्हणालं, तो गुडघे टेकतो. कुणी म्हणालं, रविवारी काम करत नाही. हे दुसरं खरं होतं, पण तो सोमवारीही करत नव्हता. एक म्हातारा तर मुद्दाम घोडेगावाहून चालत बघायला आला, गाणं होईपर्यंत कुंपणाशी उभा राहिला, पाखऱ्यानं डोळे मिटलेले बघितले आणि हात जोडून, कुणाला ते त्याचं त्यालाच ठाऊक, नमस्कार करून गेला. बाईंना कुणी त्याबद्दल विचारलं की त्या म्हणायच्या, "मी तीस लेकरांना हात धुवायला लावू शकले नाही अजून. बैल कुठून बाटवणार?"

यात्रा आली आणि गेली. दादा आले नाहीत. दुसरी यात्रा आली, तीही गेली. पत्र नाही, निरोप नाही, कुणाबरोबर शेवखाऱ्याचा पुडा नाही. लेकरं विचारायची, तुझे दादा मेले का गं? बोर्डिंगातली लेकरं असलं सरळ विचारतात, त्यात वाईट वाटून घ्यायचं नसतं. मी सांगायची, येणार आहेत, पाखऱ्याला न्यायला. माझं गणित पक्कं होतं. मला ते विसरू शकतात. पोरगी काय, कुणाच्याही घरात असते. पण असला बैल कोण विसरेल? म्हणून मी त्याला रोज घासायची, शिंगांना तेल लावायची, गोचिडी वेचायची. तो धड राहिला पाहिजे, कारण तो आहे तोवर दादा येणार, आणि येतील तेव्हा त्याच्या दाव्याचं दुसरं टोक माझ्याच हातात असणार. आता लिहिताना माझीच मला कीव येते आणि थोडा रागही येतो. तेव्हा मात्र हे सगळं फार धीराचं वाटायचं.

मग बबनशेठ आले. पिंपरी पेंढारचे गाडामालक, पांढरी टोपी, जीप, आणि तोंडावर घरात कुणी गेल्यासारखी कळा. यात्रा चार दिवसांवर आणि त्यांच्या पुढच्या जोडीतला बैल लंगडायला लागलेला. पाखऱ्या कुठं आहे हे पंचक्रोशीला माहीत होतं, फक्त बाईंकडं मागायची कुणाची छाती होत नव्हती. बबनशेठ टेबलासमोर उभे राहिले, कारण बाई गाडामालकालाही टेबलापाशीच थांबवायच्या.

"बाई, चार दिसांसाठी बैल द्या. तुमाला लई पुण्य लागंल."

"शर्यत म्हणजे पैजा, दारू आणि मुक्या जनावराला टोचणं. त्यात कसलं पुण्य?"

"मंग लेकरांना धान्याची पोती टाकतो."

"धान्य टाका. बैल नाही."

बबनशेठ टोपी काढून डोकं पुसत जीपकडं गेले. मी गोठ्याच्या दारातून ऐकत होते. बाई कोंबड्यांना दाणे टाकायला गेल्या तेव्हा मी त्यांच्या मागं गेले आणि म्हणाले, "बाई, तिथं माईक असतो." त्या म्हणाल्या, "मग?" मी सांगितलं. यात्रेला मुंबईची सगळी माणसं गावी येतात. गाडा सुटायच्या आधी माईकवर मालकाचं नाव घेतात, गावाचं घेतात, बैलाचं घेतात. पाखऱ्याचं नाव घेतलं तर दादांना कळेल तो कुठं आहे. बाईंनी हातातले दाणे सगळे एकाच जागी टाकले आणि कोंबड्यांची मारामारी लागली. "त्यांना ठाऊक आहे तो कुठं आहे, सुमन," त्या हळूच म्हणाल्या. मी म्हटलं, विसरले असतील, मुंबईत लई गडबड असते. त्या संध्याकाळी गाण्यात बाई एक कडवं चुकल्या, आणि सकाळी बबनशेठना निरोप गेला. बैल मिळेल, पण टोचणी नाही, शेपटी पिरगाळायची नाही, गुलाल नाही, बक्षीस नाही, लेकरं बरोबर येणार, आणि माईकवर बैलाच्या मालकाचं नाव आणि त्याची पोरगी सोबत आहे हे तीनदा सांगायचं. बाई आयुष्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या यात्रेला निघाल्या त्या अशा, माझ्यापायी. त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. मलाच आत्ता ते लिहावंसं वाटलं.

पिंपरी पेंढारला आम्ही कांद्याच्या टेम्पोतून गेलो, तीस लेकरं निळ्या गणवेशात, बाई, हिराबाई, आणि मागच्या टेम्पोत पाखऱ्या नि त्याची पाटी. बबनशेठच्या घरच्यांनी आम्हाला मासवडी आणि बाजरीची भाकरी वाढली, तिखटजाळ रस्सा, आणि तीस लेकरं डोळ्यांतून पाणी गाळत तिसऱ्यांदा मागत होती. मग घाट. आमच्याकडं घाट म्हणजे शर्यतीसाठी केलेली चढाची धावपट्टी, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, आणि वरच्या टोकाला मांडवात पंच, घड्याळ आणि माईकवाला. गाड्याला चार बैल, त्यांच्या पुढं घोडी. पाखऱ्याला आणलं तेव्हा आधी एक शंका निघाली. एक जाणता म्हणाला, हा बैल बाटलेला हाय, देवापुढं चालंल का? सगळे देवळाच्या गुरवाकडं बघायला लागले. गुरवानं पाखऱ्याला नीट न्याहाळलं, तोंडातला तंबाखू थुंकला आणि म्हणाला, "बैल कुणाच्याबी दारात खाऊ द्या. नंदी त्यो नंदीच." मिटलं. माईकवाल्यानं घोषणा केली. बोरी बुद्रुकच्या सखारामचा पाखऱ्या, सखारामची पोरगी सुमन हितं मांडवात हाय, सखाराम असशील तिथून ये. एकदा, दोनदा, तीनदा. मी मांडवाच्या बांबूला धरून प्रत्येक टोपीखाली दादांचं तोंड शोधत होते.

आणि खाली पाखऱ्या बसला. जू मानेवर घेतलं आणि चारही पाय दुमडून बसला. माणसांनी ओढलं, ढकललं, पाणी मारलं, कानात ओरडले. टोचणीला हात घालायची सोय नव्हती, कारण बाई त्यांच्या घड्याळासकट दोन हातांवर उभ्या. घोडी कंटाळून चारा खायला लागली. माईकवाला आधी विनोद करत होता, मग त्याचे विनोद संपले. बबनशेठ धापा टाकत मांडवात आले. "पोरी, ह्याला झालंय काय?" मी सांगितलं, "त्याची जेवायची वेळ झाली. गाणं म्हणावं लागेल." बबनशेठनी आकाशाकडं बघितलं, मग माईकवाल्याकडं. पुढच्या घटकेला तीस लेकरं माईकभोवती गोळा झाली होती, आणि भैरवनाथाच्या यात्रेत, चार कर्ण्यांतून, 'मेंढपाळा ये रे दारी' सुरू झालं होतं. पहिल्या कडव्याला माणसं गप्प झाली. दुसऱ्याला पाखऱ्या उठला. तिसऱ्याला कुठल्यातरी ढोलवाल्यानं ताल धरला, कारण चाल ओळखीची होती. चौथ्याला बबनशेठ माईकजवळ तोंड नेऊन म्हणाले, "मंडळी, बैल आमेनवर सुटतो. सगळ्यांनी म्हणायचंय, एकदम." आणि फेटे, टोप्या, गुलालानं माखलेली सगळी माणसं, गुरवासकट, घसा फोडून आमेन म्हणाली.

असा गाडा मी परत बघितला नाही. आता शर्यती मोबाइलवर दिसतात, आमच्या बोर्डिंगातली पोरं जेवताना बघतात आणि रागवावं लागतं, पण तसा नाही. फक्त पाखऱ्याला शेवटच्या रेषेशी देणंघेणं नव्हतं. तो पाटीकडं पळत होता, आणि पाटी माझ्या हातात, मांडवात होती. पंचांनी घड्याळ टाकून उड्या मारल्या. टेबल, माईक, बक्षिसाचा टेबलफॅन, सगळं आडवं झालं आणि चार बैल माझ्यासमोर येऊन थांबले. पाखऱ्यानं पाटीत तोंड घातलं. वेळ कुणीच मोजली नसल्यामुळं ती बारी, म्हणजे ती धाव, पास की बाद यावर पंच अजूनही भांडत असतील. तेवढ्यात गर्दीतून एक माणूस वाकून आत शिरला. त्यानं पाखऱ्याच्या मानेवर हात ठेवला, कपाळाला कपाळ लावलं, आणि मग त्याला पाटी धरलेली पोरगी दिसली. "केवढी झालीस गं," दादा म्हणाले. मला वाटलं, झालं, माझं गणित बरोबर आलं.

पाखऱ्यासकट आम्ही बोर्डिंगात परतलो, आणि दुसऱ्या दिवशी दादा टेम्पो घेऊन येणार होते. मी सकाळीच पत्र्याची पेटी बांधली. दोन फ्रॉक, फणी, आणि बाईंनी दिलेलं गाण्यांचं चोपडं. दादा आले, हातात नवं दावं. टेबलापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "बबनशेठनं मला गाड्यावर ठिवलंय. पाखऱ्याचं सगळं मीच बघायचं. गोठ्यातच खोली दिलीय." बाईंनी वही उघडली. "एक्केचाळीस आणि एक्केचाळीस-अ," त्या म्हणाल्या. दादांनी टोपी सारखी केली. "पोरीचं बघू की फुडं. गोठ्यात पोरीची जात कुठं ठिवू? यात्रेला येतोच."

मी पेटीवर बसले होते. तेच 'येतोच' होतं, त्याच सुरात, आणि ह्या खेपेला मला ते नीट ऐकू आलं.

बाईंचा एक नियम होता. घरी जाणाऱ्या लेकराला जायच्या आधी तीनदा विचारायचं, सगळ्यांसमक्ष. जेवणाआधी एकदा, जेवणानंतर एकदा, फाटकापाशी एकदा. कुणाला बळंच नेत नाहीत ना, हे कळावं म्हणून. बाई उठल्या, गोठ्याशी गेल्या आणि चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणाल्या, "पाखऱ्या, तुझे पालक आलेत. जायचं का?" हिराबाईच्या हातून पळी पडली. दादा हसले. पाखऱ्यानं कान हलवला. बाईंनी दादांना जेवायला बसवलं, आमच्याच पंगतीत, माझ्या शेजारी, आणि जेवण झाल्यावर परत गोठ्याशी जाऊन तेच विचारलं. या खेपेला दादा हसले नाहीत. तिसऱ्यांदा फाटकापाशी विचारताना बाई बैलाकडं बघतही नव्हत्या. दादांनी मान खाली घातली आणि दाव्याची गाठ सोडून परत बांधली. बाई येड्या झाल्या असं लेकरांना वाटलं. मला कितीतरी वर्षांनी कळलं की त्या तीन वेळा बैलासाठी नव्हत्या.

पाखऱ्या टेम्पोत चढेना. फळीशी आला आणि बसला. ड्रायव्हर, दादा, रस्त्यानं जाणारे दोघं, सगळे झोंबले. दादांना घाम फुटला. त्यांनी बाईंकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "मी म्हणणार नाही, आणि लेकरांनाही सांगणार नाही." मग दादांनी माझ्याकडं बघितलं. "म्हण की गं, सुमे," ते म्हणाले. "तेवढं म्हण."

मला राग आला होता. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, बसू दे त्याला इथंच, मरेपर्यंत. मी तोंड उघडलं नसतं तर बैल गेला नसता, आणि बैल गेला नसता तर दादाही कदाचित येत राहिले असते, त्याच्यासाठी का होईना. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. पण पाखऱ्या उन्हात बसून माझ्याकडं बघत होता, गाणं कधी सुरू होतं म्हणून, आणि त्याला भूक लागली होती. मी गायला लागले. पहिलं कडवं एकटीनंच म्हटलं. दुसऱ्याला तीसजण मिळाले. पाखऱ्या उठला, डोळे मिटून उभा राहिला, आणि आमेन झालं तसा फळीवरून वर गेला, कारण पाटी घेऊन मी आधीच टेम्पोत चढले होते. दादांनीही टोपी काढून आमेन म्हटलं, ते मी ऐकलं. मी पाखऱ्याला शेवटच्या घासापर्यंत हातानं चारलं, खाली उतरले, आणि दादांनी फळी लावली.

त्या संध्याकाळी रूळ वाजला, ताटं मांडली, आणि मी काही केल्या गाईना. मी सुरू करायचं असा आमच्यात रिवाज पडला होता. तीस लेकरं ताटांकडं बघत बसली. भाकरी निवायला लागल्या. बाई उठल्या, माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आजचं गाणं झालंय, हिराबाई. वाढा." एवढ्या वर्षांत त्यांनी तो नियम तेवढाच एकदा मोडला. रविवार नव्हता, तरी माझ्या ताटात एक अख्खं अंडं होतं.

दादा पुढं येत राहिले, कधी दोन वर्षांनी, कधी तीन, डब्यात मासवडी घेऊन. पाखऱ्याच्या बाऱ्या सांगायचे, तो म्हातारा झाल्याचं सांगितलं, मेल्याचंही त्यांनीच सांगितलं आणि रडले. मी त्यांना पाणी दिलं. बाई गेल्या तेव्हा टेबल, घड्याळ आणि वही माझ्याकडं आली. आता कुंपणाला बिबट्यापायी तारा लावल्यात आणि सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायच्या असा हुकूम आहे. मागच्या आठवड्यात त्यासाठी एक मॅडम आल्या होत्या. जुन्या वह्या उघडून टाइप करत होत्या. एक्केचाळीस नंबरापाशी थांबल्या, 'स्वभाव गरीब, मागं उभं राहायचं नाही' वाचून त्यांनी चष्मा पुसला, पण पुढचे सगळे रकाने भरलेले होते. कधी गेला, कोणाबरोबर, तीनदा विचारलं, सगळं. मग त्या खालच्या ओळीवर आल्या. मला इथं सगळे नुसतं बाई म्हणतात, माझं नाव त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं.

"बाई, ही सुमन सखाराम कोण? गेल्याची नोंदच नाही हिची. सिस्टीम ही मुलगी अजून इथंच दाखवतेय. काय टाकू?"

बाहेर रूळ वाजायची वेळ झाली होती. मी म्हटलं, "बरोबर दाखवतेय. आहे ती इथंच. गाणं झालं की जेवायला येईल, तेव्हा बघा."